वाचणाऱ्याचा खोकला

एकशे अठरा मिनिटांचा सिनेमा
मी एकशे एक मिनिटांवर आणला.
नाव : ‘शनीपलीकडचं बंदर’.
दिवसा ग्दिनियाच्या गोदीत क्रेन चालवायची,
पोलादी डबे या जहाजावरून त्या धक्क्यावर.
रात्री तेच काम, फक्त वजन कमी :
एक दृश्य उचल, पलीकडे ठेव,
खाली कुणी उभं नाही ना, बघ.

तो लाडावलेला रोबो उडवला.
खेळणी खपावीत म्हणून स्टुडिओनं घुसडलेला,
बोलावलं नसता पंगतीत मधोमध बसणारा.
नऊ दृश्यांतून खोडला. दहाव्यात
भिंतीवर त्याची सावली राहिली,
ती पुसायला दोन आठवडे.
(नीट बघितलंत तर अजून दिसते. बोलू नका कुठे.)

शेवटचं लग्नही मोडलं मीच.
कप्तानबाई आता धक्क्यावर एकटी उभी राहते
आणि यायचं जहाज येत नाही.
आमच्या गावात विचारा कुणालाही, असंच असतं.

जर्मन प्रतीत स्वयंपाक्याची चार वाक्यं सापडली.
मॉन्तेविदेओच्या एका दंतवैद्यानं पाठवला
धुरकट, ओरखडलेला, सव्वा मिनिटाचा तुकडा :
यानात कुणी बोलत नाही, बटाटे सोलतात,
खिडकीबाहेर शनी.
त्यानं पैसे घेतले नाहीत. आम्ही कुणीच घेत नाही.
मूळ तबकडी तुम्ही विकत घेतली असेल, तर माझी फुकट.
चोरांच्या पंगतीतलं सोवळं म्हणा हवं तर.

पण सगळ्यात आधी, खरं तर, तो आवाज घालवला होता.
आमच्या लहानपणी हा सिनेमा कॅसेटवर आला
तेव्हा एकच माणूस सगळ्यांचं बोलणं पोलिशमध्ये वाचायचा,
बाईचं, बाप्याचं, यंत्राचं, मरणाऱ्याचं,
एका सुरात, वाणसामानाच्या यादीसारखं :
माझं तुझ्यावर प्रेम आहे.
डावं इंजिन गेलं.
खाली दबलेली खरी माणसं कुजबुजल्यासारखी.
त्यांना मी मोकळं केलं, असं मला वाटत होतं.

बारा तबकड्या उडाल्या टपालानं.
तेरावी वरच्या मजल्यावर, लुत्सिनाबाईंकडे.
चार दिवसांनी परत आणून दिली,
सोबत मुरवलेल्या अळंब्यांची बरणी.
“शनी किती पिवळा दिसतो रे,” म्हणाल्या.
“ओल्गेर्द मात्र उठून गेला मधूनच.”

ओल्गेर्द, त्यांचा भाऊ. आठव्या वर्षी तापात डोळे गेले.
इंग्रजीचा गंध नाही.
“सत्तेचाळिसाव्या मिनिटाला तो वाचणारा खोकतो, आठवतं?
यान उतरताना.
हा त्या खोकल्याची वाट बघत बसायचा.
म्हणायचा, शनीवर धूळ आहे बघ, लुत्सिना.”

मी काय बोलणार. बरणी घेतली.

आईच्या तळघरात ती कॅसेट होती, बुरशीचा वास मारत.
तीन रात्री तो आवाज धुतला, फार नाही,
मग माझ्या कापाकापीवर ओळ न ओळ बसवला.
खोकला आता एकोणचाळिसाव्या मिनिटाला येतो.
अडलं ते नव्या सापडलेल्या जागी :
स्वयंपाक्याची चार वाक्यं त्यानं कधी वाचलीच नव्हती,
आणि तो माणूस, वर्ष नीट कुणी सांगत नाही, पण गेलाय.

“मी वाचतो,” ओल्गेर्द म्हणाला.
त्यांच्या स्वयंपाकघरात मायक्रोफोन मांडला,
फ्रिजची वायर काढली.
त्यानं गळा साफ केला नाही, हात गुडघ्यांवर ठेवले :
मीठ संपलं.
पृथ्वी कुठल्या बाजूला आहे?
असू दे.
ताटं चारच काढा.
तोच सूर. काटा आला अंगावर.

पुढचा सव्वा मिनिट गप्प आहे, त्यांना सांगितलं,
थांबा, तेवढं जाऊ दे.
आणि लुत्सिनाबाई, सवयीनं, भावाच्या कानाशी वाकून,
“आता बटाटे सोलतायत...
एकाचं साल लांबच लांब निघालंय, तुटत नाही...”

मायक्रोफोन चालू होता.
ते मी कापलं नाही.